तुझं काय आलं?

संपादकांनी या अंकासाठी विषय दिला ‘निकाल’. मला निकालाआधीचा काळ जास्त खुणावत होता. पेपर देऊन झालेला असतो, उत्तरं बदलता येत नाहीत आणि बरोबर किती, चूक किती हे कुणीच सांगत नाही. अभियांत्रिकी प्रवेशाच्या एमएचटी-सीईटी परीक्षेच्या बाबतीत हा काळ दीड महिन्याहून मोठा. या काळात मुलं एकमेकांना काय विचारतात, कुणाचं ऐकतात आणि स्वतःच्या उत्तरावर किती वेळ ठाम राहतात, हे पाहायला मी एप्रिल 2025 मध्ये सोलापूरला गेलो.

त्या वर्षी फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स या गटाची परीक्षा 19 एप्रिलला सुरू झाली. रोज दोन सत्रं, सकाळी नऊ ते बारा आणि दुपारी दोन ते पाच. आधीच्या नव्वद मिनिटांत फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे मिळून शंभर प्रश्न, प्रत्येकी एक गुण. ती वेळ संपली की तो भाग बंद होतो आणि मॅथ्स उघडतं. त्यात पन्नास प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, पुन्हा नव्वद मिनिटं. म्हणजे दोनशेपैकी शंभर गुण एकट्या गणिताचे आणि एका प्रश्नाला सरासरी 1 मिनिट 48 सेकंद. गणित शेवटी असल्यामुळे मुलं गेटाबाहेर येतात तेव्हा केमिस्ट्री केव्हाच मागे पडलेली असते. डोक्यात गणितच असतं.

वडापच्या काचेवरचं इंटिग्रेशन

केंद्र शहराबाहेर, पुणे रस्त्याला, एका अभियांत्रिकी महाविद्यालयात. दुपारी बाराचं ऊन सोलापुरात कसं असतं ते सोलापूरकरांना सांगायला नको. गेटासमोर सावली म्हणाल तर एक लिंब, उसाच्या रसाचा गाडा आणि उभ्या असलेल्या दोन वडाप जीप. पालक तेवढ्या सावलीत दाटीवाटीनं उभे. बार्शी, मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढा अशा तालुक्यांतून पहाटे निघालेले बरेच.

पहिली मुलं बाहेर आली ती गप्प. घरच्यांनी पाण्याची बाटली पुढे केली, त्यांनी ती घेतली. मग दहा-बारा जण एकत्र आले आणि एकानं विचारलं, “किंग प्रॉपर्टीचं काय आलं बे तुझं?”

प्रश्नाचा क्रमांक विचारण्यात अर्थ नसतो. संगणकावर प्रत्येकाच्या प्रश्नांचा क्रम निराळा, एकाचा बारावा तो दुसऱ्याचा एकेचाळिसावा. कच्च्या कामाचे कागद आतच परत घेतलेले. बोर्डाचा पेपर मुलं हातात घेऊन बाहेर येतात, त्यावर टिकमार्क केलेले असतात, रिक्षात बसून घरच्यांना दाखवता येतो. इथं हातात काहीच नाही. त्यामुळे आधी प्रश्न आठवायचा, तो समोरच्याला पटवून द्यायचा, “हां, तोच, खाली टॅन होता तो,” इथपर्यंत यायचं आणि मग उत्तराकडे वळायचं.

त्या दिवशी तो प्रश्न एका मुलानं वडापच्या धुळकट मागच्या काचेवर बोटानं लिहिला. मूळ प्रश्न मी इथं देत नाही, त्याच जातीचा आकडे बदलून देतो. पाय बाय सिक्सपासून पाय बाय थ्रीपर्यंत, एक भागिले एक अधिक वर्गमुळात टॅन एक्स, याचं इंटिग्रेशन. ज्याला ‘किंग प्रॉपर्टी’ ही युक्ती ठाऊक नाही तो यात बुडतो. टॅनच्या जागी दुसरं काही धरून बघतो, वर्गमूळ काढायला जातो, पान भरतं आणि चार मिनिटं जातात. ठाऊक असलेला एवढंच करतो: दोन्ही मर्यादांची बेरीज पाय बाय टू येते, म्हणून एक्सच्या जागी पाय बाय टू वजा एक्स घालतो. इंटिग्रेशनची किंमत त्यानं बदलत नाही, फक्त टॅनचं कॉट होतं. जुनं आणि नवं रूप एकत्र मिळवलं की आत निव्वळ एक उरतो. एकाचं इंटिग्रेशन म्हणजे दोन मर्यादांमधलं अंतर, पाय बाय सिक्स. त्याचं निम्मं, पाय बाय ट्वेल्व्ह. पंधरा सेकंद.

काचेवर लिहिणाऱ्याला ते पंधरा सेकंदांत आलं होतं. शेजारी उभा असलेला उंच मुलगा काचेकडे बघत राहिला. “मी सब्स्टिट्यूशननी केलं,” तो म्हणाला. “आलं का?” “आलं. पण पाच मिनिटं गेली.” उत्तर दोघांचं एकच होतं. पण त्या पाच मिनिटांमुळे उंच मुलाला शेवटचे सात-आठ प्रश्न न वाचताच टिक करावे लागले आणि त्याला सगळ्यात जास्त ते लागलं होतं. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून शेवटच्या मिनिटाला उरलेल्या सगळ्यांवर मुलं काही ना काही दाबून मोकळी होतात. त्याला ‘तुक्का’ म्हणतात. तुक्क्यांची तुलना कुणी करत नाही.

जीपचा ड्रायव्हर आला, काचेवरचं गणित बघितलं आणि पुसू नका म्हणाला. अक्कलकोटची सवारी भरेपर्यंत ते तसंच होतं.

सिक्स बाय सेव्हन की फॉर्टी बाय फॉर्टीनाइन

खरी जुंपली ती संभाव्यतेच्या प्रश्नावर. तोही आकडे बदलून सांगतो. पिशवीत चार लाल आणि तीन पांढरे चेंडू. एकामागून एक दोन काढायचे, पहिला परत ठेवायचा नाही. निदान एक लाल निघण्याची शक्यता किती?

बार्शीचा मुलगा म्हणाला, फॉर्टी बाय फॉर्टीनाइन. मोठ्यानं म्हणाला आणि तिघांनी लगेच माना हलवल्या. थोडं मागे एक मुलगी उभी होती, कुंभारीच्या विडी घरकुल वसाहतीतून आलेली. ती हळूच म्हणाली, “सिक्स बाय सेव्हन.” कुणी ऐकलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं.

“ऑप्शनमध्ये होतं का सिक्स बाय सेव्हन?” मुलानं विचारलं.

“होतं.”

“माझंपण होतं.”

सगळ्यात जास्त चकवा बसतो तो इथंच. काढलेलं उत्तर पर्यायांत दिसलं की मुलाला ते बरोबर असल्याची खात्री वाटते. पण प्रश्न काढणाऱ्याला मुलं नेमकी कुठं घसरतात हे ठाऊक असतं आणि ती घसरलेली उत्तरं तो स्वतःच पर्यायांत मांडून ठेवतो. पहिला चेंडू परत ठेवला असं धरून सोडवलं की दोन्ही पांढरे निघण्याची शक्यता नऊ बाय एकोणपन्नास, एकातून वजा करा, चाळीस बाय एकोणपन्नास. ‘निदान एक’ ऐवजी ‘नेमका एक’ वाचलं की फोर बाय सेव्हन. तेही पर्यायांत असतंच. परत न ठेवता केलं तर दोन्ही पांढरे निघण्याची शक्यता तीन बाय सात गुणिले दोन बाय सहा, म्हणजे एक बाय सात. उरलं सिक्स बाय सेव्हन.

मुलीनं हे तोंडी सांगितलं, आधी मराठीत, मग तिच्याच गल्लीतल्या एका मुलाकडे वळून तेलुगूत, कारण तो अजून मान हलवत नव्हता. मधले सगळे शब्द इंग्रजी: विदाउट रिप्लेसमेंट, ॲटलीस्ट वन, कॉम्प्लिमेंट. सोलापूरच्या पूर्व भागात गणित या तीन भाषांत शिकलं जातं, अक्कलकोटकडच्या मुलांत चौथी कन्नडही येते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला अकरावीत एकाएकी इंटिग्रेशन, व्हेक्टर, मॅट्रिक्स असे शब्द भेटतात. गेटाबाहेर तो पहिल्यांदा बोलून बघतो की आपल्याला कळलं ते असं-असं कळलं.

बार्शीच्या मुलानं सगळं ऐकून घेतलं. “विदाउट होतं का पण?” त्यानं विचारलं. आता वाद गणिताचा उरला नव्हता, प्रश्नाच्या वाचनाचा होता. चौघांना ‘विदाउट’ आठवत होतं, एकाला नाही, त्याला स्वतःला काहीच आठवत नव्हतं. तो म्हणाला, “मग गेले दोन,” आणि वडिलांकडे निघून गेला. दोन गुण गेले याचं दुःख तर होतंच, पण त्याचा चेहरा बघून वाटलं, आपण नीट वाचलं नाही हे त्याला जास्त बोचत असावं. त्याच्या जागी मी असतो तर मलाही तेच बोचलं असतं.

वहीत जमा होणारा पेपर

पूर्व भागात, अशोक चौकाच्या अलीकडे एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक क्लास चालतो. खाली यंत्रमागाचा कारखाना, टॉवेल विणतात. मागांचा खडखडाट इतका की फळ्याजवळ उभं राहूनही मोठ्यानं बोलावं लागतं. क्लासचे सर स्वतः त्याच वस्तीतले, वडील मागावर होते. बरीच वर्षं ते अकरावी-बारावीचं गणित शिकवतात. प्रवेशाच्या पद्धती त्यांनी बदलताना पाहिल्या आहेत. 2014 आणि 2015 ला राज्यानं इंजिनीअरिंगसाठी जेईई मेन लावली, तेव्हा या वस्तीतली मुलं एकदम बिचकली. 2016 ला सीईटी परत आली. 2018 पर्यंत कागदावर गोल काळे करायचे, 2019 पासून माउस.

सरांकडे एक मोठी वही आहे. सत्र संपलं की क्लासची मुलं थेट घरी न जाता इकडे येतात आणि आठवतील तेवढे प्रश्न सांगतात. एकाला पाच आठवतात, एकाला अकरा. पहिल्या तासात जितकं आठवतं त्याच्या निम्मंही दुसऱ्या दिवशी आठवत नाही, म्हणून सरांचा आग्रह असतो की आधी इथं या, जेवण नंतर. एका सत्राची सात-आठ मुलं असली की पन्नासातले पस्तीस-चाळीस प्रश्न वहीत उतरतात. मुलांची नावं कुठेच नाहीत, फक्त तारीख आणि सत्र.

मी तिथं बसलो होतो तेव्हा सर उत्तरं सांगत नव्हते. एकानं प्रश्न सांगितला की ते म्हणत, “तू कसा केलास?” मग दुसऱ्याला, “तू?” दोघांच्या रीती फळ्यावर शेजारी शेजारी मांडत. मॅट्रिक्सचा एक प्रश्न होता. तीन बाय तीनच्या मॅट्रिक्सचा डिटरमिनंट दिलेला, समजा पाच, आणि तिची दुप्पट केली तर डिटरमिनंट किती? एका मुलीनं दहा टिक केलं होतं. दुसरीनं चाळीस. दहावालीला सरांनी एवढंच विचारलं, “दोन कितीदा बाहेर येईल?” ती फळ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, “तीनदा. प्रत्येक रोमधून एकदा.” दोनाचा घन आठ, आठ पाचे चाळीस. तिला हे यायचंच. दीड मिनिटात सुचलं नाही, फळ्यासमोर दहा सेकंदांत सुचलं.

मला इथं थांबून एक गोष्ट बोलायची आहे, कारण यासाठीच मी हा लेख लिहितोय. परीक्षेनंतर उत्तरं ताडून पाहू नका, असं मुलांना घरीही सांगतात आणि शाळेतही. झालं ते झालं, पुढचं बघा. सल्ला प्रेमानं दिलेला असतो आणि काही मुलांना तो लागूही पडतो. गेटाबाहेर कानात इअरफोन घालून सरळ बाईकवर बसणारी मुलंही मी पाहिली, त्यांच्यात त्यांचं शहाणपण आहे. पण मी जे पाहिलं त्यावरून सांगतो, दोन वर्षांत या मुलांनी सगळ्यात मोकळं गणित केलं ते पेपर संपल्यानंतरच्या तासाभरात. घड्याळ नव्हतं, पर्याय नव्हते, माझं चुकलं असं म्हणायला लाजायचं कारण नव्हतं, कारण सगळ्यांचंच काहीतरी चुकलं होतं. तोवर गणित म्हणजे शॉर्टकट आणि वेग. त्या तासात ते रीत झालं, का झालं, कुठं घसरलो. त्या तासावर पाणी टाकू नये.

बेचाळीस बरोबर, पण कुठल्या सत्राचे?

पालकांना मात्र आकडा हवा असतो. “किती बरोबर?” बाप विचारतो. मुलगा सांगतो, मॅथ्सचे बेचाळीस. बाप मनात दोननं गुणतो. इथून पुढे समजावणं अवघड होतं.

फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सच्या गटाला राज्यभरात चार लाखांहून अधिक मुलं बसतात. एका दिवसात सगळी मावत नाहीत, म्हणून इतकी सत्रं आणि प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा. एखादा पेपर सोपा निघतो, एखादा अवघड. म्हणून निकालात गुणांऐवजी पर्सेंटाइल येतं आणि ते आपल्याच सत्रातल्या मुलांवरून ठरतं. समजा एका सत्राला पंधरा हजार मुलं बसली आणि तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण मिळालेली, तुम्हाला धरून, 14 हजार 700 निघाली, तर तुमचं पर्सेंटाइल 98. ते दशांश चिन्हानंतर सात घरांपर्यंत काढतात, एवढ्या मुलांत बरोबरी कमी व्हावी म्हणून. तरीही झालीच, तर आधी गणिताचं पर्सेंटाइल बघतात.

म्हणजे सकाळच्या सत्रातल्या मुलानं दुपारच्या सत्रातल्या मैत्रिणीशी गुणांची तुलना करून काही उपयोग नाही. तिचे 150 आणि त्याचे 142 असले तरी तो पुढे असू शकतो. हे मुलांना ठाऊक असतं. तरी ती एकमेकांना विचारतातच: “तुमचा टफ होता का?” प्रत्येकाला मनातून आपलाच पेपर अवघड असलेला हवा असतो, म्हणजे सगळ्यांचेच गुण कमी येतील. आणि ज्याला खूप बरोबर आले तो घाबरतो, पेपर सोपा असेल तर सगळ्यांनाच आले असतील. गेटाबाहेर हा हिशेब एका बापाला कळेना. विडी घरकुलातल्या त्या मुलीचे वडील, मागावर काम करणारे. मुलगी त्यांना सांगत होती की चांगला गेला म्हणून आनंद मानता येत नाही. ते म्हणाले, “बरा गेला की नाही तेवढं सांग.” ती म्हणाली, “गेला, नाना.”

तिला शहरातच राहायचंय. सोलापुरात वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी 1983 पासून आहे, आणि ज्यांच्या नावानं आहे ते उद्योगपती वालचंद हिराचंद सोलापूरचेच. घरी राहून शिकता आलं तर वसतिगृहाचा खर्च वाचतो. पुण्याची किंवा सांगलीची मोठी कॉलेजं मिळण्याइतके पर्सेंटाइल आले तर काय करायचं, यावर घरात अजून बोलणं झालेलं नाही. अर्ध्या पर्सेंटाइलनं शाखा बदलते, कॉलेज बदलतं, गाव बदलतं. म्हणून चेंडूंच्या त्या प्रश्नावर ती इतकी ठाम उभी राहिली होती.

एकवीस प्रश्न

27 एप्रिलच्या एका सत्रात जे झालं ते राज्यानं वाचलं. गणिताच्या पन्नासपैकी 21 प्रश्नांचे पर्याय चुकीचे होते. मुलं सोडवत होती, उत्तर येत होतं आणि समोरच्या चारांत ते नव्हतं. ओरड झाली, सीईटी कक्षाला चूक मान्य करावी लागली आणि त्या सत्राच्या 27 हजारांहून अधिक मुलांची 5 मे रोजी फेरपरीक्षा झाली.

परीक्षा हॉलमध्ये एकट्या बसलेल्या मुलाला काय वाटलं असेल याचा विचार करा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर पर्यायांत नाही, तो स्वतःलाच दोष देतो. पुन्हा सोडवतो. पुन्हा तेच. तिसऱ्या-चौथ्या प्रश्नापर्यंत त्याची खात्री होते की आज आपलं डोकं चालत नाहीये. पेपर चुकीचा असू शकतो, हा विचार मुलांना सहसा शिवतच नाही. आपण त्यांना तसं वाढवलेलंच नाही. बाहेर आल्यावर मात्र एकानं विचारलं, “तुझंपण येत नव्हतं का?” आणि दुसरा हो म्हणाला, की दोघांनाही कळतं. ज्या बोलण्याला आपण वेळेचा अपव्यय म्हणतो, तेच बोलणं एवढ्या मोठ्या व्यवस्थेची चूक उघडी पाडायला उपयोगी पडतं.

फेरपरीक्षा देणाऱ्यांपैकी एकाशी नंतर बोललो, मोहोळ तालुक्यातला मुलगा. पुन्हा अभ्यास, पुन्हा प्रवास, पुन्हा तेच तीन तास. त्यात ज्यांचं फिजिक्स-केमिस्ट्री छान गेलं होतं त्यांना तेही परत द्यावं लागलं. “पहिल्यांदा मॅथ्स सुरू होईपर्यंत माझा बेस्ट पेपर होता,” तो म्हणाला. त्या पेपराचं पुढे काहीच झालं नाही.

हजार रुपयांची शंका

मेच्या उत्तरार्धात उत्तरतालिका येते. प्रत्येकाला स्वतःच्या लॉगिनमध्ये स्वतःची प्रश्नपत्रिका, आपण निवडलेला पर्याय आणि अधिकृत उत्तर दिसतं. ती संध्याकाळ मी सरांच्या क्लासमध्ये होतो. खालचे माग सुट्टीमुळे बंद, म्हणून आवाज नाही. मुलं मोबाइलवर एकेक प्रश्न सरकवत होती आणि एप्रिलच्या वहीशी ताडून बघत होती. पिशवीतले चेंडू: विदाउट रिप्लेसमेंटच होतं. मॅट्रिक्सच्या प्रश्नात चाळीसच्याच जातीचं उत्तर बरोबर. ज्यांवर हमखास बरोबर म्हणून हात उंचावले होते त्यांतलेही दोन-तीन चुकले निघाले. ज्यांवर तुक्का मारला होता त्यांतले काही लागले. ते बघून मुलं हसत होती, पण त्याचा आनंद फार टिकला नाही.

एका मुलाला एक उत्तर पटेना. सरांनी बघितलं, त्यांनाही शंका आली. प्रश्नाची भाषा अशी होती की दोन अर्थ निघत होते. आक्षेप घ्यायचा तर प्रश्नामागे हजार रुपये भरावे लागतात आणि ते परत मिळत नाहीत. मुलाची आई विड्या वळते. विड्यांची मजुरी हजारावर मिळते आणि हजार विड्यांचे पैसे हजार रुपयांच्या जवळपासही पोचत नाहीत. मुलगा म्हणाला, “सर, दुसऱ्या कुणीतरी घेतलाच असेल ना.” सर काही बोलले नाहीत. त्यानं फोन खिशात ठेवला.

मला हे पटत नाही. फुकट आक्षेप ठेवले तर हजारो निरर्थक आक्षेप येतील, त्यामुळे थोडी फी ठेवावी लागते, हे मला समजतं. पण आक्षेप खरा ठरला तर फी परत द्यायला काय हरकत आहे? आणि त्याआधी दुसरी एक गोष्ट करायला हवी. प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका, परीक्षा संपल्यावर, सगळ्यांसाठी खुली ठेवावी. एकेकाच्या लॉगिनमध्ये नको, सगळ्यांना दिसेल अशी. देशपातळीवरच्या जेईई मेनच्या प्रश्नपत्रिका परीक्षेनंतर संकेतस्थळावर येतात, मग राज्याला काय अडचण? आज सोलापूरच्या गल्लीतला शिक्षक मुलांच्या आठवणीतून वही भरतो आणि मोठ्या शहरांतले मोठे क्लास तेच काम शेकडो मुलांकडून करून घेऊन छापून विकतात. पेपर खुला झाला तर वहीची गरज संपेल आणि फळ्यापुढचा तो तास सगळ्यांनाच मिळेल.

2026 पासून ही परीक्षा वर्षातून दोनदा होणार, एप्रिलमध्ये आणि मेमध्ये, आणि दोन्हींतलं चांगलं पर्सेंटाइल धरणार, असं सरकारनं 2025 मध्ये जाहीर केलं. सरांना ते आवडलं. ते म्हणाले, एप्रिलमध्ये चुकलेलं मेमध्ये दुरुस्त करता येईल, फक्त एप्रिलचा पेपर हातात मिळायला हवा. त्यांच्या वहीत त्या वर्षाची पानं संपली होती. जूनमध्ये अकरावीची नवी मुलं आली तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर चार लाल आणि तीन पांढरे चेंडू काढले आणि विचारलं, तुमचं काय येतंय? चौदा मुलांनी पाच वेगवेगळी उत्तरं दिली. सरांनी ती पाचही फळ्यावर लिहिली.